आधी झीज थांबवा

ऑक्टोबर-नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या कोणत्याही दवाखान्यात तासभर बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "डाक्टरसाहेब, एक सलाईन लावून द्या ना, अंगात जीवच नाही राह्यला." बोलणारा बहुधा तिशी-चाळिशीतला गडी असतो. सोयाबीनची सोंगणी उरकलेली असते, कपाशीची वेचणी तोंडावर असते, हरभऱ्यासाठी रान तयार करायचं असतं. ताप नसतो, मोठं दुखणं नसतं. दर महिन्याला सर्दी, बरी न होणारी जखम, उतरलेला चेहरा आणि संपून गेल्यासारखं अंग. त्याला हवी असलेली अर्ध्या लिटरची ग्लुकोजची बाटली, पाच टक्क्यांची असेल तर, तिच्यात असते २५ ग्रॅम साखर. म्हणजे चहाचे पाच चमचे. उष्मांक शंभराच्याही आत. ज्वारीच्या एका जाड भाकरीत याच्या तिप्पट उष्मांक असतात आणि वर आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं, जी त्या बाटलीत अजिबात नसतात. ज्याला उलट्या-जुलाबांनी शोष पडलाय किंवा तोंडाने काही जात नाही, त्याचा जीव सलाईन वाचवते. चालत दवाखान्यात आलेल्या माणसाला मात्र ती रोजी बुडवून विकत घेतलेलं पाच चमचे साखरेचं पाणी देते.

करोनानंतर या बाटलीला भावंडं मिळाली. इम्युनिटीच्या गोळ्या, काढे, पावडरी, सरबतं. औषधाच्या दुकानाचा एक अख्खा कप्पा त्यांनी भरला. या कप्प्याविरुद्ध मला जे म्हणायचंय ते सरळ सांगतो. दिग्रस, दारव्हा, आर्णी, पुसद या पट्ट्यातल्या पुरुषाची रोगप्रतिकारशक्ती मुळात कमी पडलेली नसते. ती रोज झिजवली जाते. गालातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने, संध्याकाळच्या दारूने, रात्रीच्या ओलिताने, अर्धवट जेवणाने आणि दवाखाना टाळण्याने. ही झीज तशीच ठेवून वरून पावडर ओतण्यात काही अर्थ नाही. आणि या झिजेतली निम्मी त्याच्या एकट्याच्या हातात नाही, हेही तितकंच खरं.

ही शक्ती वाढवायची म्हणजे नक्की काय वाढवायचं, याचा विचार जाहिरात कधी करू देत नाही. शरीराची राखण थराथराने चालते. कातडी, नाकातला शेंबूड, तोंडातली लाळ, जठरातलं आम्ल हा पहिला बांध. तो फुटला तर पांढऱ्या पेशी धावतात. आणि ज्या जंतूशी एकदा गाठ पडली, त्याची ओळख जपून ठेवणाऱ्या पेशी वेगळ्या. यातलं सगळंच भरमसाट वाढलं तर भलं होत नाही. दमा, अ‍ॅलर्जी, संधिवाताचे काही प्रकार हे राखणदारानेच घरच्यांवर काठी उगारल्याचे आजार आहेत. करोनात अनेकांची फुप्फुसं विषाणूइतकीच स्वतःच्या शरीराच्या बेफाम प्रतिकारामुळे निकामी झाली. म्हणून हवी असते ती वेळेवर जागी होणारी, नेमकी मारा करणारी आणि काम झालं की शांत होणारी व्यवस्था. ती कोणत्याही एका चूर्णाने घडत नाही.

पुरुषाच्या बाबतीत निसर्गानेही थोडा हात आखडता घेतलाय. रोगप्रतिकाराशी संबंध असलेली बरीच जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. बाईकडे ती गुणसूत्रं दोन, पुरुषाकडे एक. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक प्रतिकाराला थोडं दाबून धरतं. फ्लूच्या लसीनंतर बायकांच्या रक्तात सहसा जास्त प्रतिपिंडं तयार होतात. त्याची किंमत त्या स्वयंप्रतिकाराच्या आजारांत मोजतात, कारण त्या आजारांच्या रुग्णांत बायकाच फार जास्त. भारतात करोनाच्या मृतांमध्ये पुरुष साठ टक्क्यांहून अधिक होते. पण सगळा दोष गुणसूत्रांवर टाकून मोकळं होता येत नाही. क्षयाचंच पाहा. जगभरातल्या क्षयरुग्णांत प्रौढ पुरुष निम्म्याहून जास्त आणि प्रौढ बायका साधारण एक तृतीयांश. हा फरक घडवण्यात तंबाखूचा धूर, दारू आणि उशिरा होणारं निदान यांचा हात मोठा आहे, आणि या तिन्ही गोष्टी जन्मासोबत येत नाहीत.

खाण्याने रोग खरंच अडतो का, ही शंका रास्त आहे. तिला अलीकडे फार ठोस उत्तर मिळालं, आणि ते आपल्याच देशात मिळालं. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात 'रेशन्स' नावाचा अभ्यास झाला. क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दोन गटांत विभागलं. एका गटात फक्त रुग्णाला शिधा मिळाला. दुसऱ्या गटात घरातल्या माणसांनाही मिळाला : माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. थुंकी-तपासणीतून पक्क्या झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचा, म्हणजे जो खोकल्यातून पसरतो त्याचा, हिशेब केला तर घट ४८ टक्के होती. कोणतीही दुर्मिळ वनस्पती नाही, परदेशी पावडर नाही. तांदूळ आणि डाळ. प्रतिकारशक्ती वाढवल्याचा दावा करणाऱ्या एकाही बाटलीने असा निकाल दाखवलेला नाही.

डाळ तर दिग्रसच्या शिवारातच पिकते. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. कपाशीत तुरीची ओळ, खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. तिन्ही पिकं प्रथिनांची. सोयाबीनमध्ये तर शंभर ग्रॅममागे छत्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिनं, तुरीत-हरभऱ्यात वीस-बावीस. पोती भरून ती बाजार समितीत जातात, सोयाबीनचं तेल निघतं आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ज्याने ते पिकवलं त्याच्या ताटात आलूची पातळ भाजी आणि रेशनच्या गव्हाची पोळी, भाताचा ढीग, वरण असलंच तर पाण्यासारखं. पैशाची नड असते, देणी असतात, पेरणीचं कर्ज असतं, म्हणून माल विकला जातो. हे कळतं. पण घरची तूर भरडून वर्षाची डाळ करायची आणि मग उरलेली विकायची, ही रीत या भागात होती. भाव वाढला की ती डाळही पोत्यासोबत जाते. वर्षभर पुरेल इतकी तूर नि दोन पायल्या हरभरा घरात ठेवणं ही मला विम्याच्या हप्त्याहून महत्त्वाची बाब वाटते.

साठ-पासष्ट किलोच्या पुरुषाला दिवसाला पन्नास-पंचावन्न ग्रॅम प्रथिनं लागतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली दिलेला आकडा ५४ ग्रॅमचा आहे. पांढऱ्या पेशी, प्रतिपिंडं, जखम भरून आणणारी कातडी, सगळं याच प्रथिनांतून घडतं. दिवसभरात ज्वारीच्या चार भाकरी पोटात गेल्या तर तीस-पस्तीस ग्रॅम तिथेच झाले. पन्नास ग्रॅम डाळीचं घट्ट वरण किंवा बेसन, त्याचे दहा-अकरा. दुपारी रानात मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, त्याचे सात-आठ. हिशेब पुरा. धान्यात लायसिन हे अमायनो आम्ल कमी असतं, ते डाळ भरून काढते. भाकरीसोबत बेसन ही जोडी केवळ चवीने जमलेली नाही. सोयाबीन दळणात घालायचं तर ते आधी उकळून, वाळवून घ्यावं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेने निघून जातात. दहा किलो गव्हात एक किलो पुरतं. ज्यांच्याकडे चालतं त्यांच्यासाठी अंडं आहेच, आणि अरुणावतीच्या धरणातली मासोळी मिळाली तर उत्तमच.

रानभाज्यांबाबत तर आपण आपलंच धन उकिरड्यावर टाकतो. पावसाळ्यात बांधावर तरोटा येतो, चिवळ येते, अंबाडी कपाशीच्या कडेला असते, काटोलं झुडपात लोंबतात. तणनाशक आल्यापासून बांध साफ झाले आणि ही भाजीही गेली. जी उरली ती "गरिबाची भाजी" म्हणून पाहुण्यापुढे मांडायची लाज वाटते. फळांचंही तसंच. क जीवनसत्त्वासाठी महागडी फेसाळती गोळी पाण्यात टाकणाऱ्याने हे आकडे पाहावेत : संत्र्यात शंभर ग्रॅममागे चाळीस-पंचेचाळीस मिलिग्रॅम, पेरूत दोनशेच्या वर, आवळ्यात अडीचशेच्या आसपास. प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज ८० मिलिग्रॅमची. म्हणजे अर्धा पेरू किंवा एक आवळा. यापेक्षा जास्त पोटात गेलेलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं.

इथे कुणी म्हणेल, घरात आधी पुरुषच जेवतो, चांगलं त्याच्याच ताटात पडतं, मग त्याची काळजी कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि बाईच्या ताटाचा प्रश्न याहून मोठा आहे हेही मान्य आहे. पण आधी जेवूनही देशातल्या दर चार पुरुषांमागे एक रक्तक्षयी निघतो, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने दाखवलं. रक्त कमी असणं ही बायकांचीच तक्रार समजली जाते, म्हणून पुरुषाचं हिमोग्लोबिन कुणी तपासत नाही. आणि ताटात पडलेलं पोटात जातंच असं नाही. याचं कारण तोंडातच बसलेलं असतं.

दिग्रसच्या बसस्थानकाबाहेर किंवा कोणत्याही चौकात खर्रा घोटणारे हात पाहावेत. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन पाटीवर रगडतात. चुन्याने सुपारी तांबूस होते, वास उठतो, पुडीला गाठ मारली जाते. ती पुडी खिशात गेली की दिवसभर चिमटी-चिमटीने गालात जाते. सकाळी रिकाम्यापोटी पहिली चिमटी, कारण त्याशिवाय "पोट साफ होत नाही". निकोटिन भूक मारतं. मजुराला ते सोयीचं वाटतं, दुपारची शिदोरी लांबली तरी चालतं. चुना आणि सुपारी गालाच्या आतली नाजूक कातडी रोज खरवडतात. शरीराचा पहिला बांध म्हणून ज्या तोंडाचा, लाळेचा वर उल्लेख केला, तोच बांध इथे माणूस स्वतःच्या हाताने फोडतो. पुढे गाल आतून पांढरे, ताठ होतात, तोंड उघडेनासं होतं. आधी तिखट सोसत नाही, मग भाकरीचा घास जात नाही, मग दोन बोटंही आत जात नाहीत. तंबाखू नसलेली नुसती सुपारीदेखील कर्करोग घडवते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. त्यामुळे "मी तंबाखू नाही टाकत, साधी सुपारी खातो" या समाधानाला आधार नाही.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३५.५ टक्के पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, आणि राज्यात धुराच्या तंबाखूपेक्षा चघळण्याच्या तंबाखूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्ऱ्याला कारखाना लागत नाही, टपरी पुरते. एका पुडीच्या पैशात दोन अंडी सहज येतात. दिवसाला तीन पुड्या खाणाऱ्या माणसाला "गरिबीमुळे अंडी परवडत नाहीत" असं म्हणता येत नाही. हे मी गरिबीला हिणवायला म्हणत नाही. पंधराव्या वर्षी कामावर सोबतच्यांनी पहिली चिमटी दिली तेव्हा त्याला कुणी अडवलं नाही, आणि आज सोडायला मदत करणारंही कुणी नाही. निकोटिनचं व्यसन हा आजार आहे. त्याला औषध आहे, समुपदेशन आहे, निकोटिनचे च्युइंगम आहेत. शाळेत भाषण देण्यापेक्षा सोंगणीच्या टोळीतल्या मुकादमाला धरलं तर जास्त काम होईल, कारण पुडी फिरते ती तिथूनच.

दारूबद्दल थोडक्यात. रोज पिणाऱ्याचं जेवण कमी होतं, झोप तुटते, यकृत थकतं, आणि फुप्फुसातल्या राखण करणाऱ्या पेशी मंद पडतात. न्यूमोनिया आणि क्षय त्याला लवकर गाठतात, हे वैद्यकशास्त्र केव्हापासून सांगतंय. शेजारचा वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीत आहे. यवतमाळातही 'स्वामिनी' अभियानाच्या झेंड्याखाली बायांनी जिल्ह्यात दारूबंदी व्हावी म्हणून मोर्चे काढले. बंदीने किती साधतं यावर वाद होऊ शकतो. पण नवऱ्याच्या शरीराची झीज सगळ्यात आधी कुणाला दिसली, याबद्दल वाद नको.

झोपेकडे कुणी प्रतिकारशक्ती म्हणून पाहतच नाही, आणि या पट्ट्यात रब्बी सुरू झाली की ती सगळ्यात आधी जाते. कृषिपंपाला वीज पाळीने येते. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्या आठवड्यात हरभऱ्याच्या, गव्हाच्या ओलिताला मध्यरात्री जावं लागतं. डोक्याला मफलर, हातात बॅटरी, पाय थंड चिखलात, सापाची भीती वेगळीच. पहाटे घरी यायचं आणि आठ वाजता पुन्हा कामाला लागायचं. २००२ साली अमेरिकेत तरुण, निरोगी पुरुषांवर एक प्रयोग झाला. काहींना सलग काही रात्री फक्त चार तास झोपू दिलं आणि त्यातच फ्लूची लस टोचली. दहा दिवसांनी त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं पुरेशी झोप घेणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी होती. २०१५ च्या दुसऱ्या प्रयोगात १६४ जणांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली.

आता ज्याला रात्री दोनला पंप सुरू करायचाय, त्याला "सात-आठ तास झोपा" असा सल्ला कोणत्या तोंडाने द्यायचा? त्याची झोप महावितरणच्या वेळापत्रकात अडकलेली आहे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला; दिवसा वीज देणं हेच तिचं उद्दिष्ट. ही योजना मी ऊर्जा खात्याइतकीच आरोग्य खात्याची मानतो. कोणत्या गावाच्या फीडरवर दिवसाची वीज आली आणि कोणत्या नाही, हे ग्रामसभेत विचारायला हवं, आणि विचारताना साप, थंडी यांच्यासोबत आजारपणाचाही हिशेब मांडायला हवा.

असाच आणखी एक प्रश्न फवारणीचा. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्याइतकी उंच वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधांचं मिश्रण, उघडं अंग, उकाडा. घामाने भिजलेल्या कातडीतून विष आत जातं. त्यानंतर संरक्षक किट वाटली गेली, पण ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकचा अंगरखा कुणाच्याही अंगावर तासभर टिकत नाही. निदान जाड सुती, लांब बाह्यांचा वेगळा कपडा, पहाटेचीच फवारणी, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारा न मारणं, मध्ये खर्ऱ्याची चिमटी न घेणं आणि घरात शिरण्याआधी साबणाने आंघोळ, एवढं मजुराला मिळायला हवं. आंघोळीचं पाणी आणि साबण शेतमालकाने द्यावं. रोजीत ते धरायला हवं.

"आमचे आजोबा तंबाखू खाऊनच नव्वदीला पोचले" हे उत्तर या सगळ्यावर प्रत्येक पारावर मिळतं. ते आजोबा दिसतात कारण ते उरले. १९४१ ते ५१ या दशकात भारतात जन्मलेल्याचं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. त्यांच्यासोबतचे किती जण पटकीने, क्षयाने, देवीने तिशीच्या आतच गेले, ते पारावर सांगायला बसलेले नाहीत. देवीचा रोग काढ्याने गेला नाही, लसीने गेला. म्हणून प्रौढांनीही धनुर्वाताची मात्रा दर दहा वर्षांनी घ्यायला हवी. ज्याचे पाय रोज मातीत, शेणात आणि विळ्याच्या धारेखाली असतात त्याने तर चुकवूच नये. पन्नाशीनंतर, मधुमेह किंवा दमा असेल तर फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं. रक्तातली साखर वर्षातून एकदा तपासावी. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. पायाची जखम महिनाभर भरत नसेल तर मलम बदलत बसू नये, आधी साखर पाहावी.

राहिला दवाखाना टाळण्याचा स्वभाव. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोक कुठेही तपासायला गेलेले नव्हते. त्यातल्या बहुतेकांनी लक्षणांकडे सरळ दुर्लक्ष केलं होतं. आपल्याकडे पुरुषाचा खोकला "खर्ऱ्याचा" किंवा "बिडीचा" म्हणून माफ केला जातो. दोन आठवड्यांपलीकडे गेलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, सैल होत चाललेला पट्टा, यातलं काही दिसलं तर ग्रामीण रुग्णालयात बेडका तपासायला पैसे लागत नाहीत, औषधही फुकट आहे. क्षयरुग्णांसाठीच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून उपचार सुरू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ते रुग्णाच्या खात्यात येतात, म्हणून खातं आधारशी जोडलेलं आहे की नाही हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावं. त्या पैशाची डाळ, शेंगदाणे, अंडी यावीत आणि ती सगळ्या घराने खावीत. झारखंडातला निकाल घरातल्या बाकीच्या माणसांबद्दलच होता. गडी एकटा तपासायला जाणार नाही, हे गृहीत धरून बायकोने, भावाने, मुलाने त्याच्यासोबत निघावं, आणि गेल्यासारखं स्वतःचीही तपासणी करून यावं.